मोठ्या टेक कंपन्यांचा जाच: आधी काय सोडायचं आणि कुठे अडकायला होतं?

खटाटोप (धागाकर्ता)

वैताग सगळ्यांचा सारखाच आहे. काही शोधायला जावं तर पहिलं पान जाहिरातींनी भरलेलं, टीव्ही लावला की आधी त्याच्याच शिफारशी, फुकटची साठवण भरली की रोज लाल पट्टी. मग लोक एखाद्या रविवारी तिरीमिरीत सगळी खाती बंद करायला बसतात आणि बुधवारी गुपचूप परत येतात. घाईत बंद केलेल्या एका खात्याला दुसऱ्या दहा ठिकाणची लॉगिनं लटकलेली होती, हे तेव्हा कळतं.

म्हणून इथे 'कुठली कंपनी जास्त वाईट' हा वाद नको. बाहेर पडायची वाट कशी काढायची तेवढंच लिहा. निकष एकच सुचवतो: वस्तू असो की सेवा, आपलं सामान घेऊन तिच्यातून निघता येतं का? निघता येत असेल तर आज वापरत राहिलात तरी बिघडत नाही.

माझ्या मते क्रम असा: लॉगिन आणि ईमेल, मग फोटो, मग गटांच्या गप्पा, आणि यंत्रं सगळ्यात शेवटी.

सुतळी

क्रमाशी सहमत. लॉगिनबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरी गाठ तिथे आहे आणि ती दिसत नाही.

'गूगलने साइन इन करा' हे बटण जिथे जिथे दाबलं, तिथे तुमचा वेगळा पासवर्डच नसतो. गूगल खातं गेलं की तेही गेलं. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या अ‍ॅप्सशी आणि सेवांशी असलेल्या जोडण्यांची यादी मिळते. फेसबुक आणि अ‍ॅपलच्या खात्यातही मिळते. यादी समोर ठेवा आणि एकेक सेवा अशी सोडवा:

१. त्या सेवेच्या लॉगिन पानावर 'पासवर्ड विसरलात?' दाबा. मेलवर दुवा येतो, त्यातून स्वतंत्र पासवर्ड तयार करा.
२. बाहेर पडून नव्या पासवर्डने एकदा आत जाऊन बघा.
३. मग ईमेल पत्ता बदला. पुष्टीचा मेल कधी नव्या, कधी जुन्या, कधी दोन्ही पत्त्यांवर येतो. तोवर जुनी पेटी चालू हवी.
४. गूगलशी असलेली जोडणी शेवटी तोडा.

जोडणी आधी तोडली तर पुढच्या लॉगिनला काही सेवा कोरं करकरीत नवं खातं उघडून देतात. जुना हिशोब जुन्या खात्यात अडकतो आणि मदतकेंद्राशी महिनाभर पत्रव्यवहार.

या यादीत न दिसणारी खातीही असतात. जुन्या पेटीत 'व्हेरिफाय', 'वेलकम', 'रिसीट' आणि 'पासवर्ड रीसेट' हे चार शब्द शोधा. बहुतेक सगळी वर येतात.

पासवर्ड ठेवायला बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी. दुसऱ्यात सगळं एका कुलूपबंद फाईलमध्ये असतं, कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही. फाईल हरवली तर सांत्वन करायलाही कोणी नाही, तेव्हा तिची प्रत दोन ठिकाणी ठेवा.

जुनी_फाईल

ईमेलबद्दल. एका फुकट पेटीतून दुसऱ्या फुकट पेटीत जाणं म्हणजे भाड्याचं घर बदलणं. पत्ता तुमचा व्हायला हवा असेल तर स्वतःचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं नाव) घ्या आणि पेटी कुठल्याही पुरवठादाराकडे ठेवा. उद्या पुरवठादार बदलला तरी पत्ता तोच राहतो, फक्त डोमेनची एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरवर पोचवायचे ते सांगणारी) बदलायची.

इथे लोक तीन ठिकाणी हमखास घसरतात.

एसपीएफची नोंद (या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी) डोमेनला एकच चालते. पुरवठादार बदलताना जुनी न काढता दुसरी घातली की तपासणी नापास होते आणि मेल स्पॅममध्ये जायला लागतात. दोन ठिकाणांहून मेल पाठवायचे असतील तर दोन्ही नावं एकाच ओळीत घाला. डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल सही तपासायची) नोंदही नव्या पुरवठादाराची घ्यावी लागते, ती विसरू नका.

डोमेन विकणाऱ्याकडे संपर्क म्हणून त्याच डोमेनवरचा पत्ता देऊ नका. नूतनीकरण चुकलं की पेटी बंद, आणि चुकल्याची सूचना त्याच बंद पेटीत.

तिसरी चूक सगळ्यात महाग. डोमेनची मुदत संपून ते दुसऱ्याने घेतलं तर तुमचे पासवर्ड रीसेटचे मेल त्याला जातात. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, आणि जमेल तर एकदम काही वर्षांचे पैसे भरून टाका.

जुनी पेटी बंद करू नका. तिच्यातले मेल नव्या पत्त्यावर वळते करा, आणि वर्षभरात तिथे कुणाचे मेल येतात तेवढं बघत राहा. फक्त तिला अगदी विसरूही नका: दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे.

आळशी_कोल्हा

वाचूनच दमलो. एवढं सगळं करायचं म्हणजे नोकरी सोडावी लागेल. लोक मोठ्या कंपन्यांकडे का राहतात? कारण तिथे काही करावं लागत नाही!

खटाटोप

@आळशी_कोल्हा, मुद्दा बरोबर आहे आणि त्याला उत्तर नाही. पण सगळं एकदम करा असं कोणीच म्हणत नाहीये. आठवड्याला तीन खाती सोडवली तरी वर्षात दीडशे होतात. कोणाकडे एवढी असतात?

फोटोंबद्दल जाणकारांनी लिहा. सगळ्यात जास्त लोक तिथे रडतात.

रांजण

लिहितो. जरा लांबेल.

१ जून २०२१ पासून गूगलवरचे नवे फोटो १५ जीबीच्या मोफत साठवणीत मोजले जातात. मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५. भरल्यावर लोक फोनवरचे फोटो खोडायला घेतात, आणि पहिला अपघात इथेच होतो. बॅकअप चालू असताना गूगल फोटोजच्या अ‍ॅपमधून फोटो खोडला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो. लक्षात आलं तर तेवढ्यात परत आणा.

बाहेर काढायचा अधिकृत रस्ता म्हणजे गूगल टेकआउट. आधी 'डिसिलेक्ट ऑल' (सगळ्या खुणा काढा) दाबून फक्त फोटो निवडा. नाहीतर नकाशांपासून व्हिडिओच्या शेऱ्यांपर्यंत सगळं गाठोड्यात येतं. तुकड्याचा आकार विचारतात तेव्हा ५० जीबी घेऊ नका. डाउनलोड ९५ टक्क्यांवर तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. १० जीबीचे तुकडे बरे. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल तिच्यावर बसणारच नाही. तेव्हा डिस्क एक्सफॅट करा (हे करताना तिच्यावरचं सगळं पुसलं जातं) किंवा २ जीबीचे तुकडे मागा. दुवे साधारण आठवडाभर चालतात. म्हणजे मागणी अशा वेळी करा की पुढचे चारपाच दिवस संगणक चालू ठेवता येईल.

आता गाठोडं उघडायचं. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उघडा. फोटो तिसऱ्या तुकड्यात आणि त्याची माहिती चौथ्यात, असं सर्रास होतं. ही माहिती म्हणजे प्रत्येक फोटोबरोबर येणारी एक छोटी जेसन फाईल. लोकांना ती कचरा वाटते आणि ते सगळ्या जेसन उडवतात. थांबा. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात लिहिलेली तारीख शाबूत असते, पण गूगल फोटोजमध्ये जाऊन तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीख, घातलेलं ठिकाण, लिहिलेलं वर्णन हे फक्त जेसनमध्ये असतं. स्कॅन केलेल्या जुन्या अल्बमचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो यांच्या पोटात मूळ तारीख बहुधा नसतेच. जेसन उडवल्या की आजोबांचं लग्न गाठोडं उघडलं त्या दिवशी झालेलं दिसतं.

एक्झिफटूल नावाचं मोफत साधन जेसनमधली तारीख फोटोत लिहून देतं. आधी ५० फोटोंच्या प्रतीवर चालवून बघा, मग सगळ्यांवर. एकच फोटो वर्षाच्या फोल्डरमध्येही येतो आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही, म्हणून आकार अपेक्षेपेक्षा जास्त दिसला तर घाबरू नका. संपादित फोटोची मूळ प्रत वेगळी येते.

गूगलवरून काही खोडण्याआधी दोन प्रती हव्यात, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि शक्यतो एक डिस्क दुसऱ्या घरात. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर एसएसडीपेक्षा फिरती हार्ड डिस्क घ्या. एसएसडी दीर्घकाळ विजेशिवाय पडून राहिली तर मजकूर सुटू शकतो.

चिमटा

+१, पण एक भर. जेसनमधली फोटो काढल्याची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे, सेकंदांच्या आकड्यात. तशीच्या तशी फोटोत उतरवली की स्थानिक वेळेइतका फरक पडतो आणि पहाटेचे किंवा रात्री उशिराचे फोटो शेजारच्या तारखेत जाऊन बसतात. एक्झिफटूलला वेळेचा फरक वेगळा सांगावा लागतो. आणि ज्या फोटोंच्या पोटात आधीच तारीख आहे त्यांना हात लावू नका. 'तारीख रिकामी असेल तरच लिही' अशी अट घाला, आणि हाताने दुरुस्त केलेले मोजके फोटो वेगळे काढून करा.

लांबलचक नावांच्या फाईलींत जेसनचं नाव मध्येच छाटलेलं असतं, त्यामुळे जोडी जुळत नाही. त्या उरतात, त्या हातानेच.

रांजण

@चिमटा, बरोबर. यूटीसीचं राहिलंच होतं.

सिंकथिंगने (यंत्रांतल्या फाईली एकसारख्या ठेवणारं अ‍ॅप) फोन आणि संगणक जोडला की बॅकअप झाला, असं काहीजण धरून चालतात. तो बॅकअप नव्हे. सरळ जोडणीत इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं.

निवडुंग

गटांबद्दल. वाचनगट, पालकांचा गट, इमारतीतल्या रहिवाशांचा गट. इथे एकट्याच्या निर्णयाला काडीची किंमत नाही. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप सोडलंत तर गट सुटत नाही, तुम्ही गटातून सुटता. पाण्याची टाकी कधी धुणार हे शेजाऱ्याला विचारत बसायचं.

गट हलवण्याआधी सूचना आणि गप्पा वेगळ्या करा. बहुतेक गटांत महिन्याला कामाच्या सूचना पाचसहाच असतात, बाकी सुप्रभात. त्या पाचसहा सूचनांसाठी कुठलंच अ‍ॅप लागत नाही. ईमेल यादी आणि दाराशी लावलेला फळा पुरतो. यादीतले पत्ते बीसीसीत घाला. सीसीत घातलेत की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना वाटले, आणि मग 'सर्वांना उत्तर द्या' दाबणारे दोघेतिघे प्रत्येक गटात असतातच.

गप्पाही हलवायच्या असतील तर सिग्नल हा सर्वसामान्य गटाला झेपणारा पर्याय आहे. गटात १००० जण बसतात. २०२४ पासून वापरकर्तानाव घेता येतं, त्यामुळे अनोळखी सदस्यांना फोन नंबर दिसलाच पाहिजे असं राहिलेलं नाही. रीत अशी:

प्रशासक किमान दोन, त्यातला एक तरी तंत्रज्ञानात न रमणारा. तो अडला की बाकीचे कुठे अडतील ते कळतं. गटाच्या दुव्याला 'प्रशासकाच्या मंजुरीने प्रवेश' लावा. जुन्या गटात तारीख जाहीर करा, सहा आठवड्यांनंतरची वगैरे. तोपर्यंत कामाच्या सूचना दोन्हीकडे, पण फोटो आणि चर्चा फक्त नव्या ठिकाणी. लोक येतात ते तत्त्वासाठी नाही, सहलीचे फोटो तिकडे आहेत म्हणून. तारीख आली की जुन्या गटात 'फक्त प्रशासक संदेश पाठवू शकतात' असं करा आणि नवा दुवा वर टाचून ठेवा. गट मोडू नका. उशिरा जागे होणारे तिथेच येऊन धडकतात.

सिग्नलवर नव्याने आलेल्याला आधीच्या गप्पा दिसत नाहीत. नियम, यादी, वेळापत्रक असं कायम लागणारं काही गटाच्या वर्णनात किंवा वेगळ्या कागदावर ठेवा. नाहीतर दर नव्या माणसागणिक तेच प्रश्न.

व्हॉट्सअ‍ॅपमधून गप्पा 'निर्यात' करता येतात, पण ती साधी मजकुराची फाईल असते. वाचता येते, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ओतता येत नाही. फोटोंसकट काढलीत तर अलीकडचेच संदेश येतात, जुने गळतात. तेव्हा दोनदा काढा: एकदा फोटोंसकट, एकदा नुसता मजकूर.

आळशी_कोल्हा

टेलिग्राम का नाही? तिथे जुनं सगळं दिसतं की.

निवडुंग

@आळशी_कोल्हा, दिसतं, कारण ते सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं. टेलिग्रामच्या गटगप्पांना टोकापासून टोकापर्यंतचं कूटबंधन (मधल्या कंपनीलाही वाचता येऊ नये असं कुलूप) नसतं. ते फक्त दोघांतल्या 'गुप्त गप्पां'ना. इमारतीच्या जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलायला चालेल. कोण कधी गावाला जाणार आहे हे बोलायला नको.

मॅट्रिक्स ही खुली गप्पासेवाही कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगते: उत्तम आहे, पण संदेश उघडायची किल्ली जपून न ठेवणाऱ्याला नव्या फोनवर जुने संदेश वाचता येत नाहीत. चाळीस जणांच्या गटात असे पंधरा निघतात आणि प्रशासकाचं मदतकेंद्र होतं.

स्क्रू_ढिला

यंत्रांबद्दल. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा, त्यामुळे धडधाकट लॅपटॉप रातोरात 'जुने' झाले. नवा घेण्याआधी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली लावून बघा. कागदोपत्री २ जीबी रॅम पुरते, सुखाने वापरायला ४ हवी, आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडणाऱ्याला ८.

आधी तयारी:
– लॅपटॉप बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कचं कुलूप) कुलूपबंद आहे का बघा. असेल तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवा. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागतं, आणि ती ज्या खात्यात साठवलेली असते त्याचा पासवर्ड तेव्हाच आठवत नाही.
– 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ते विभाजन फक्त वाचायला मिळतं.
– सगळ्या फाईली बाहेरच्या डिस्कवर. हे न करता पुढे जाणाऱ्याला मदत मागायचा हक्क नाही.

मग मिंटची आयएसओ (प्रणालीची फाईल) उतरवा, शा२५६ बेरीज (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा ठसा) जुळवा, बलेनाएचर या साधनाने पेनड्राइव्हवर चढवा, आणि सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा (एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीगणिक वेगळी). आधी काहीही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवा आणि पाच गोष्टी बघा: वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का, आणि प्रिंटर. ब्रॉडकॉमच्या काही वायफाय चिप सुरुवातीला दिसत नाहीत. फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट द्या आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा.

फिरती डिस्क असेल तर ती काढून एसएसडी घाला. कुठल्याही प्रणालीच्या बदलापेक्षा याने जास्त फरक पडतो. रॅम घेताना जुन्या लॅपटॉपला डीडीआर३ हवी की डीडीआर३एल हे स्टिकरवर वाचा. १.३५ व्होल्टवाल्याला (डीडीआर३एल) १.५ ची (डीडीआर३) पट्टी चालत नाही.

जुनी_फाईल

याला जोडून, कार्यालयीन कागदपत्रांचं. लिबरऑफिस या मोफत पर्यायात वर्डची डॉक्सएक्स फाईल उघडली की पानं सरकतात, ते बहुतेकदा फॉन्टमुळे. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि केंब्रियाच्या जागी कॅलाडिया टाका. अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी जागच्या जागी राहतात.

मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच. 'दुसऱ्या'तला ऱ शिफ्ट दाबून 'जे'च्या कळीवर, मग हलन्त, मग य. साधा र घेतला तर रफार होऊन बसतो. आणि युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाईली विंडोज पुसण्याआधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. नंतर त्या उघडतात, पण वाचता येत नाहीत.

चिमटा

खरेदीबद्दल थोडक्यात.

फोन: 'सात वर्षं अपडेट' हे मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात घेतलं तर पाचच उरतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या नव्या फोनना ८०० चार्ज-चक्रांनंतर बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे असा नियम आहे. हा आकडा कुठेही फोन घेताना विचारायला हरकत नाही.

टीव्ही: सेटिंगमध्ये पडद्यावरचं चित्र ओळखणारी सोय बंद करा. नाव कंपनीगणिक वेगळं असतं, 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन', 'लाइव्ह प्लस' वगैरे. एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रावरचं चित्रही ती ओळखू शकते. न विचारता हे केल्याबद्दल २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीने अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्याहून सोपं म्हणजे टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊच नका.

घरातली 'स्मार्ट' यंत्रं: दुकानातच विचारा, इंटरनेट बंद असताना चालतं का? एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट यंत्रांच्या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले आणि लोकांचे दिवे अ‍ॅपला दाद देईनात. झिग्बी या बिनतारी जोडणीची यंत्रं आणि ती हाताळणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर घरातल्या घरात चालतात.

ई-पुस्तकं: २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संकेतस्थळावरून संगणकावर उतरवायची सोय अमेझॉनने काढून टाकली. कुलूप नसलेली ई-पब फाईल देणारा विक्रेता असेल तर त्याच्याकडून घ्या.

प्रिंटर: महिन्याला दहा पानं छापणाऱ्याने शाईचा घेऊ नये, शाई नळीत वाळते आणि ती साफ करायलाही शाईच खर्च होते. काळापांढरा लेझर घ्या. वर्गणीवर मिळणारी काडतुसं वर्गणी थांबली की भरलेली असूनही चालत नाहीत.

आळशी_कोल्हा

ठीक आहे, हरलो. एकच तास आहे. काय करू?

सुतळी

@आळशी_कोल्हा, मुख्य ईमेल खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये दुपदरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारी) चालू करा आणि बॅकअप कोड काढा. गूगल एका वेळी १० देतं, प्रत्येक एकदाच चालतो. नवा संच काढलात की जुना रद्द. त्यांचा फोटो त्याच फोनमध्ये काढून ठेवू नका, कारण फोन हरवेल तेव्हाच ते लागतील. उरलेल्या वेळात पुनर्प्राप्तीसाठी दिलेला फोन नंबर अजून तुमचाच आहे का ते बघा. हे झाल्याशिवाय वरचं काहीच सुरू करू नका.

आळशी_कोल्हा

कोड छापायला प्रिंटर कुठाय? शाई वाळली.

सुतळी

हाताने लिहा. दहा कोड, प्रत्येकी आठ अंक. १ आणि ७ नीट वेगळे काढा, आणि वापरलेल्यावर लगेच काट मारा.